झुलीखाली हात

मी हट्टी आहे हे माहेरी, कडेगावात, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. सासरी ते कळायला बरीच वर्षं लागली, कारण हट्ट धरावा असं सासरी काही घडलंच नाही. घडलं तेव्हा ते एका घोडीच्या पांघरुणावरून घडलं. सांगितलं तर लोक हसतात. हसू देत.

आमचं गाव कोरेगाव आणि रहिमतपूरच्या मधे. आलं, ऊस, हिवाळ्यात शाळू. घरटी एखादी म्हैस नाहीतर जर्सी गाय असतेच. घोडी मात्र गावात एकच, आणि ती आमच्या दारात. माझे सासरे फौजेत घोड्यांवर होते. उभी नोकरी त्यांनी घोड्यांना दाणा घालण्यात, खरारा करण्यात आणि त्यांच्यावर बसण्यात काढली. पेन्शनवर घरी आले आणि दोन वर्षं नुसते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मग एक दिवस कुणाला न सांगता बाजारातून ही घोडी घेऊन आले. तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची, तेव्हा कोवळी होती. आता ती म्हातारी झाली आहे. गावच्या यात्रेत पालखीपुढं चालायचं, एवढंच तिचं काम. वर्षातले बाकीचे दिवस बसून खाते, असं गाव म्हणतं. घोडी बसत नाही, उभ्यानंच खाते, एवढं तरी गावाला कळायला हवं होतं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा साताऱ्याला कारखान्यात पाळीवर जातो. मुलगी सांगलीला शिकते आहे. म्हणजे दिवसभर घरात मी, मामा, दोन म्हशी आणि घोडी. म्हशी माझ्या आणि घोडी मामांची, अशी वाटणी न बोलताच झालेली होती. पण मामा थकत चालले, साखरेच्या आजारानं पाय सुजायला लागले, तशी घोडीची अर्धी कामं माझ्याकडे सरकली. चंदीचे हरभरे भिजवणं, लीद काढणं, आणि थंडीच्या दिवसांत झूल घालणं.

झूल म्हटलं की लोकांना पोळ्याच्या बैलाची आरशांची झूल आठवते. ही तशी नव्हे. आतून जुनं करडं कांबळं, बाहेरून गोणपाट, मामांनी स्वतः दाभणानं शिवलेली, एक भिजली तर दुसरी असावी म्हणून अशा दोन. पोटाखालून तंग, म्हणजे पट्टा, बांधायचा की वाऱ्यानं उडत नाही. फार थंडी असली की वरून धनगरी घोंगडं.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

मी म्हशींची बाई. माहेरी आईनं शिकवलं होतं, जनावराचं दुखणं कानात कळतं. म्हशीचा कान ऊन असला तर सगळं ठीक, कान गार पडला की धाव घ्यायची. गेल्या वर्षी, दिवाळी होऊन गेली होती, सकाळी मी पागेत गेले. पागा म्हणजे गोठ्याला लागून पत्र्याची एक पडवी, पण मामांसमोर तिला पडवी म्हणायची सोय नाही. घोडीच्या कानाला हात लावला. बर्फ! मी घाबरून झूल घातली, वरून घोंगडंही टाकलं आणि तंग आवळला. दहाच्या सुमाराला आल्याच्या खुरपणीला निघाले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मनात शंका आली म्हणून ओट्यावर बसलेल्या मामांना विचारलं, "मामा, काढू का?"

मामा उठून आले. झुलीखाली हात घातला, क्षणभर उभे राहिले. म्हणाले, "गार हाय अजून. ऱ्हाऊ दे."

मी रानात गेले. मामा पेन्शनच्या कामाला कोरेगावला गेले. तीन वाजता मी परत आले तर घोडी झुलीखाली भिजून चिंब. मानेवर घामाचा फेस, नाकपुड्या फुगलेल्या, मान खाली. मला काही सुचेना. मी एका झटक्यात घोंगडं ओढलं, झूल ओढली आणि वारा लागावा म्हणून पागेचा पुढचा पडदा वर बांधून टाकला. त्या दिवशी माळावरून वारा सुटला होता. ओल्या अंगावर तो वारा तिनं तासभर खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोकली, संध्याकाळी तापली.

जनावरांचे डॉक्टर दहा दिवस येत होते. सुया, पावडरी, नाकाला वाफ. घोडी वाचली. जाताना डॉक्टर म्हणाले, "वहिनी, छाती धरली होती तिची. वय बघा. या वेळी निभावलं. पुन्हा एकदा घामात गार लागलं तर माझ्याकडे औषध नाही."

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. म्हशीवाल्या बाईनं घोडी उकडून काढली. पिठाच्या गिरणीत, दुधाच्या डेअरीत, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मामा काहीच बोलले नाहीत. मीही बोलले नाही. झूल मी घातली होती, मी ओढली होती. चूक माझीच, असं मी धरून चालले आणि ते वर्षभर छातीवर घेऊन फिरले. घोडीसमोर जायलासुद्धा मला लाज वाटायची. ती मात्र मला बघून पूर्वीसारखीच फुरफुरायची, त्यामुळे आणखीनच वाईट वाटायचं.

मग हा दसरा आला. खंडेनवमीला हत्यारं पुजून झाली होती, दसऱ्याला घोडीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मामांनी ओट्यावर उभं राहून हुकूम सोडला. "आजपास्नं संध्याकाळी दिवा लागला की झूल चढवायची. सकाळी पागंच्या उंबऱ्यावर ऊन आलं की काढायची. होळीपातूर. मधी कुनी डोकं चालवायचं न्हाई."

कुणी म्हणजे मी. घरात दुसरं होतंच कोण? मला झोंबलं. पण मागच्या वर्षीचं आठवून गप्प बसले.

हवेला मात्र हा हुकूम कुणी कळवला नव्हता. दसऱ्यापासून चार दिवस आभाळ गळत होतं, मग एकदम असा उकाडा सुटला की रात्री पंखा बंद करवेना. आणि घोडी झूल पांघरून उभी. सकाळी झूल काढली की खालचे केस ओलसर, चिकटलेले. खांद्यावर झूल घासून केस गेलेले. ती झुलीसकट भिंतीला अंग घासायची. मी बघत राहायचे. घाम आणि मग पहाटेचं गार, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं तेच. फरक एवढाच की आता ते रोज होत होतं, ठरवून होत होतं.

एका संध्याकाळी मी तोंड उघडलं. "आवं मामा, हवा काय कॅलेंडर बघून येती व्हय? एवढं उकडतंय, माणसं उघडी बसल्यात."

"मानसाचं मानसापाशी. फौजंत हुकूम म्हंजी हुकूम."

"फौजेत घोड्याला हात लावून बघत न्हवते का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "झूल चढव," एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी मनाशी ठरवलं. ही घोडी पांघरुणापायी मरू द्यायची नाही. पांघरूण कमी पडून नाही आणि जास्त होऊनही नाही. मामांचा हुकूम असो नाहीतर आणखी कुणाचा. एकदा माझ्या हातून तिच्या जिवावर बेतलं होतं. दुसऱ्यांदा मी गप्प बसून बेतू देणार नव्हते.

पण नुसतं ठरवून भागत नाही, कळायला हवं. मी अभ्यास सुरू केला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत दुधाचा हिशोब लिहायचे, तिथंच शेजारी बारीक अक्षरात घोडीचं लिहायला लागले. आभाळ कसं, वारा कुठला, मी शाल घेतली का, घोडीचं अंग कसं. अंग म्हणजे कुठलं? कानाला हात लावून पाहिला, पोट पाहिलं, मागचा पुठ्ठा पाहिला, छाती पाहिली. पंधरा दिवसांत एक गोष्ट लख्ख कळली. माझ्या शालीचा घोडीशी काही संबंध नाही. मी कुडकुडत असायचे तेव्हा ती मजेत कडबा ओढत असायची. कानाचंही तसंच. पहाटे कान गार दगड आणि झुलीखालचं अंग तव्यासारखं. म्हशीच्या कानाचं शहाणपण मी घोडीला लावलं होतं, हे तेव्हा मला लेखी पुराव्यानिशी समजलं.

माझी ही खटपट नवऱ्याच्या कानावर गेली. तो मोबाइलवरच्या बाजारात गेला आणि चार दिवसांनी निळीशार झूल घेऊन कुरियरवाला दारात हजर. वाऱ्यापावसात चालणारी म्हणे. घोडीवर चढवली तर ती मोटारसायकल झाकून ठेवल्यासारखी दिसायला लागली. तासाभरानं मी हात घातला तर आत धुण्याच्या पाण्यासारखी वाफ. बाहेरचा पाऊस आत येत नव्हता हे खरं, पण आतला घामही बाहेर जात नव्हता. ती झूल सध्या कडब्याच्या गंजीवर आहे, तिथं ती उत्तम काम करते.

मग मी चोरी सुरू केली. दिवा लागला की मामांच्या देखत झूल चढवायची, ते बातम्या बघायला आत गेले की हात घालून बघायचं आणि अंग ऊन, दमट लागलं तर काढून खुंटीवर टाकायची. पहाटे गारवा उतरला की पुन्हा चढवायची. आठ-दहा दिवस निभावलं. केस कोरडे राहायला लागले, खांद्यावर नवी लव आली. मग एका संध्याकाळी मामा बातम्या सोडून पाणी प्यायला बाहेर आले आणि मी पागेत झूल हातात घेऊन उभी.

"माझ्या मागं झूल काढतीस?"

"काढते," मी म्हणाले. घाबरले होते, पण मागं हटले नाही. "घामेजली होती. हात घालून बघा तुमीच."

मी घोडीच्या बाजूला झाले, त्यांना वाट करून दिली. मामा हललेच नाहीत. ज्या माणसाला घोडी दिसली की आधी हात पुढं करायची सवय, तो माणूस दोन्ही हात मागं धरून उभा राहिला. मग वळून आत गेला. मला वाटलं आता बोलणी बसतील. बसली नाहीत. त्याचंच मला नवल वाटलं आणि झोपेपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणात बंबापाशी बसले होते. आंघोळीचं पाणी तापत होतं. त्यांनी जळतं लाकूड आत सारलं आणि हात तसाच बंबाच्या पत्र्याला टेकवून माझ्याशी बोलत राहिले. कालच्या दुधाबद्दल काहीतरी. मी बघत होते. तापलेल्या पत्र्याला दोन बोटं टेकलेली आणि चेहऱ्यावर काही नाही. मी ओरडले. त्यांनी हात उचलला आणि बोटांकडे असे बघायला लागले की जणू ती शेजाऱ्याची बोटं आहेत. दोन्ही बोटांवर फोड आले होते. शेजारी जुन्या फोडांचे डागही होते.

मी हात पाण्यात धरला आणि तेवढ्यात सगळं जुळलं.

"मामा, बोटांना कळत न्हाई तुमच्या."

"कळतंय की."

"न्हाई कळत. कवापास्नं?"

त्यांनी पाण्यात बोटं हलवून बघितली. "दोन वर्सं झाली आसतील. साखरंनं मेली बोटं. आधी मुंग्या यायच्या. आता मुंग्याबी न्हाईत."

दोन वर्षं. म्हणजे गेल्या वर्षी दिवाळीनंतर, मी ओट्यापाशी उभी राहून काढू का म्हणून विचारलं आणि ते आत हात घालून गार हाय म्हणाले, तेव्हा त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत तेच बोलले.

"त्या दिशी मला कायबी लागलं न्हाई. ना गार, ना ऊन. तू इचारलंस, म्हनून बोललो. घोड्याच्या मानसानं कळत न्हाई म्हनायचं कसं?"

लोक म्हणतील मला दया आली असेल. आली, पण नंतर. आधी राग आला, आणि असा आला की मी त्यांचा हात सोडून दिला. "गाव मला नावं ठेवत हुतं मामा. वरीसभर. तुमी ऐकत बसला."

"व्हय," मामा म्हणाले. "बसलो."

पुढं काही नाही. सबब नाही, माफी नाही. नुसतं बसलो. त्या एका शब्दानं माझं भांडण अर्ध्यावर तुटलं. दसऱ्याचा हुकूम कुणासाठी होता तेही आत्ता कळलं. भरवसा माझ्यावरचा उडाला नव्हता. स्वतःच्या हातावरचा उडाला होता, म्हणून त्यांनी घोडीला कॅलेंडरच्या हवाली केलं होतं. कॅलेंडरला हात नसतात, पण ते खोटंही बोलत नाही.

मी त्यांच्या बोटांना मलम लावलं. लावता लावता म्हणाले, "आजपास्नं हुकूम बंद. हात माझा, डोकं तुमचं. कुठं बघायचं त्ये मला शिकवा."

मामांनी नाही म्हटलं नाही. त्याच दिवशी त्यांनी मला पागेत नेलं आणि पहिल्यांदा नीट शिकवलं. कान सोड, कान म्हशीचा. खांद्याच्या मागं, झुलीच्या पोटात हात घाल. तळवा नको, तळव्याला सगळंच गार नाहीतर सगळंच ऊन लागतं, हाताची उलटी बाजू लाव. ऊन आणि कोरडं लागलं तर झूल बरोबर. दमट लागलं तर जास्त. गार लागलं तर कमी. थरथरायला लागली म्हणजे आपण उशीर केला. कोरड्या थंडीला घोडं भीत नाही, पोटात कडबा असला की ते स्वतःच शेगडी. भ्यायचं ओल्याला, आणि ओल्यावर सुटलेल्या वाऱ्याला. घामावर झूल घालायची नाही, घामावरून झूल ओढायचीही नाही, आधी अंग वाळेपर्यंत फिरवायचं. हे शेवटचं सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

कॅलेंडरवरच्या माझ्या नोंदी मी त्यांना वाचून दाखवल्या. ते मान डोलवत राहिले. "फौजंत आसतीस तर नाईक झाली आसतीस," म्हणाले. मला एवढं बरं वाटलं की त्या दिवशी मी म्हशींनाही जास्तीची पेंड घातली.

परीक्षा पौषात आली. दुपारपर्यंत कडक ऊन होतं. घोडी पागेबाहेर लिंबाखाली उघडी बांधली होती, मी गव्हाला पाणी धरायला रानात. साडेतीनच्या सुमाराला वाऱ्यानं दिशा बदलली, पश्चिमेकडून काळं आभाळ उठलं आणि मी धावत निघाले. मी निम्म्या वाटेवर असतानाच पाऊस कोसळला. त्यात गाराही. अंगणात पोचले तर मामा कासरा सोडवायची धडपड करत होते आणि गाठ त्यांच्या बोटांना सापडत नव्हती. दोघंही भिजलेले, मामाही आणि घोडीही. मी गाठ सोडली, तिला आत घेतलं. ती थरथरत होती.

उशीर झाला होता.

माझा हात आपोआप खुंटीवरच्या झुलीकडे गेला. "थांब," मामा ओरडले. "वल्या अंगावर न्हाई. आधी पूस."

मी गोणपाट घेतलं आणि पुसायला लागले. मान, पाठ, पोट, पाय. केसांच्या उलट घास, रगात फिरू दे, मामा मागून सांगत होते. एक गोणपाट भिजलं, दुसरं घेतलं, मग तिसरं. माझं स्वतःचं लुगडं अंगाला चिकटलेलं होतं आणि दातावर दात वाजत होते, पण हात थांबवला नाही. मग मामांनी वाळलं गवत आणून दिलं. ते तिच्या पाठीवर जाडसर पसरायचं आणि त्याच्यावर झूल टाकायची, म्हणजे गवतातून वाफ निघून जाते आणि अंग झुलीला चिकटत नाही. फौजेतली युक्ती. पुढ्यात कडबा टाकला. पहिली दहा मिनिटं तिनं त्याला तोंडही लावलं नाही. मी तिच्या गळ्याला हात घालून उभी होते आणि मला रडू येत होतं. मी तिला सांगत होते, खा बये, खा. मग तिनं कडब्याचं एक ताट ओढलं. मग दुसरं.

दिवेलागणीला पाऊस थांबला, वाराही पडला. पण हवा अशी उतरली की सगळं गाव कानटोप्या घालून शेकोट्यांपाशी बसलं. मी हात घातला. गवत ओलं झालं होतं, अंग कोरडं आणि ऊन होतं. गवत काढलं, ओली झूल काढली आणि कोरडी दुसरी चढवली. मामा घोंगडं घेऊन उभे होते.

"हेबी टाक."

"नको मामा."

"आगं, हाडं गोठायची वेळ आली. डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डॉक्टरांनी घामाचं सांगितलंय. घोंगडं टाकलं तर पहाटंपातूर घामंल ही. गेल्या वर्षी त्येच झालं."

मामांच्या हातातलं घोंगडं लोंबत होतं. "पोरी, चुकलीस तर?"

"चुकले तर या टायमाला माझीच चूक."

त्यांना ते लागलं असणार. मला लावायचं नव्हतं, पण खरं होतं आणि निघून गेलं. त्यांनी घोंगडं छातीशी धरलं. मग म्हणाले, "तुझ्या हाताला काय लागतंय, परत एकदा बघून सांग."

मी हात घातला. खांद्यामागं, उलटी बाजू. घाई केली नाही. "ऊन लागतंय. कोरडं लागतंय."

"मग एकच," मामा म्हणाले, आणि त्यांनी घोंगडं घडी करून खुंटीवर टाकलं. स्वतःच्या डोळ्यांना, स्वतःच्या भीतीला बाजूला सारून त्यांनी माझ्या हातावर ती घोडी सोडली. तेवढं मी जन्मात विसरणार नाही.

झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा बघून आले. ऊन, कोरडं. तरी मला चैन नव्हतं, कारण छातीत काय चाललंय ते हाताला कळत नाही.

सकाळी डॉक्टर शेजारच्या गाईला बघायला आले होते. मी त्यांना हाक मारून आणलं. त्यांनी झुलीच्या कडेनं नळी आत सारली, एका बाजूनं ऐकलं, दुसऱ्या बाजूनं ऐकलं. मी घोडीची आयाळ धरून उभी. मामा दाराला टेकलेले.

"छाती साफ आहे," डॉक्टर म्हणाले. मग हसून माझ्याकडे वळले. "काय वहिनी, या वेळी झूल तुमच्याकडं नव्हती वाटतं?"

मी उत्तर देणार होते. मामांनी दारातून सांगितलं, "तिच्याकडंच हुती. आनि डॉक्टर, गेल्या वर्सीची चूक तिची न्हवती. माझी हुती. तिनं काढू का म्हनून इचारलं, मी ऱ्हाऊ दे म्हनलो. हात मेलाय माझा, म्हनून सांगतो. गावात कुनी इचारलं तर तुमीबी सांगा."

डॉक्टर नळी गळ्यात अडकवता अडकवता थांबले. घोडीनं तेवढ्यात मोठ्यानं नाक शिंकरलं, नाहीतर आम्ही तिघंही तसेच उभे राहिलो असतो.

आभाळ अजून भरलेलं होतं. पागेच्या उंबऱ्यावर ऊन नव्हतं. हुकुमाप्रमाणं झूल काढायची वेळ झाली नव्हती. पण वारा नव्हता आणि घोडी जागेवर पाय बदलत होती, अवघडल्यासारखी. मी विचारलं, "मामा, काढू का?"

मामांचा हात सवयीनं पुढं गेला आणि झुलीच्या कडेपाशी थांबला. बोटांवर अजून फडकं गुंडाळलेलं होतं, साखरेमुळं फोड भरले नव्हते. ते हात मागं घ्यायला लागले तेव्हा मला एकाएकी माझी मुलगी तान्ही असतानाची न्हाणी आठवली. आईनं मला शिकवलं होतं, बाळाच्या पाण्यात बोट घालू नकोस, कामाच्या बाईची बोटं निबर असतात. कोपर घाल.

"बोटं मेल्यात मामा," मी म्हणाले. "कोपर न्हाई ना मेलं?"

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर सारली, घोडीच्या खांद्याला खांदा लावला आणि कोपर झुलीखाली सरकवलं. डोळे मिटले. घोडीनं कान मागं वळवले आणि स्तब्ध उभी राहिली. मामा इतका वेळ तसेच उभे होते की डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"ऊन हाय," मामा म्हणाले. कोपर बाहेर काढलं नाही. "लागतंय गं मला. ऊन हाय, कोरडं हाय. काढ झूल."

मी पहाटेपासून हात घालून पाहिलं नव्हतं. तेव्हाही पाहिलं नाही. तंग सोडला आणि झूल काढली.